केक ट्रफलचे आवरण तडकू नये म्हणून

इंदूरच्या मे महिन्यात वाढदिवसासाठी केक ट्रफल, म्हणजे कुस्करलेल्या केकचे चॉकलेटमध्ये बुडवलेले गोळे, करताना ते गोळे फ्रीझरमध्ये ठेवण्याचा मोह होतो. पण अतिथंड गोळा गरम चॉकलेटमध्ये बुडवला, की आतला केक पुढे हळूहळू फुगतो आणि आवरणाला तडा जातो.

त्याऐवजी कुस्करलेल्या केकमध्ये लाडू वळता येईल इतकेच क्रीम घालावे, गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत आणि बुडवण्याआधी 10 मिनिटे बाहेर काढावेत. आवरणासाठी चॉकलेट कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य तेल वापरलेले चॉकलेट) घ्यावे; चवीला ते थोडे उणे असले, तरी उकाड्यात तेच टिकते. ते गरम पाण्यावरील भांड्यात वितळवून कोमट होऊ द्यावे आणि गोळा बुडवल्यावर काट्याने उचलून काटा भांड्याच्या काठावर हलकेच आपटावा, म्हणजे जास्तीचे चॉकलेट निथळून जाते.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंबही पडू देऊ नये, अन्यथा ते लगेच घट्ट व रवाळ होते.