शाळेच्या दिवशीच पोट का दुखतं?

आमच्या लेकाचं पोट सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहालाच दुखायचं आणि रविवारी अजिबात नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. तोपर्यंत ओवा, हिंग, जंताचं औषध, सोनोग्राफी सगळं करून झालं होतं आणि घोडबंदर रोडला बस यायची वेळ झाली की हा बाथरूममध्ये.

आधी एक सांगते, हे दुखणं खोटं नसतं. भीती वाटली की पोटात खरंच मुरडा येतो, त्यामुळे "नाटकं करू नकोस" असं प्लीज म्हणू नका. मुलं काही "मला टेन्शन आलंय" असं सांगत नाहीत, डबा तसाच परत येतो, झोप लागत नाही, चिडचिड होते, आणि तेच तेच विचारत राहतात. आमच्याकडे रोज रात्री, "आई तू घ्यायला येशील ना, नक्की ना?" गृहपाठाच्या वहीत खोडून खोडून पानाला भोकं पडलेली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी असं होणं नॉर्मल आहे. पण महिना झाला तरी चालूच आहे आणि शाळा, झोप, खेळ बिघडतंय तर थांबू नका. आधी पीडियाट्रिशियनला दाखवा, आणि शाळेत कोणी त्रास देतंय का तेही शांतपणे विचारा, तसं असेल तर आधी ते थांबवायला हवं.

माझी चूक म्हणजे मी त्याला घरी ठेवायचे. अर्ध्या तासात पोट बरं, आणि दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट, कारण घरी राहिल्यामुळेच सुटलो असं मनात पक्कं बसतं. ओढत नेऊनही उपयोग नाही. काउन्सेलरने पायऱ्या करायला सांगितल्या. रविवारी बंद शाळेच्या गेटपर्यंत चालत जायचं, मग युनिफॉर्म घालून, मग टीचरशी बोलून दोनच तास, मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीला भीतीचे दहापैकी किती मार्क ते त्यानेच द्यायचे, आकडा उतरेपर्यंत पुढे जायचं नाही.

हा सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायच्या बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा, एक भाग आहे. 2008 साली अमेरिकेत खूप भीती-चिंतेचा त्रास असलेल्या 7 ते 17 वयाच्या 488 मुलांवरचा अभ्यास छापून आला, त्यात 12 आठवड्यांत सीबीटीने साधारण 60 टक्के मुलं बरीच सुधारली, सोबत सर्ट्रालिन हे औषध दिलेली 81 टक्के. औषध मात्र सायकियाट्रिस्टनेच द्यायचं आणि मनाने बंद करायचं नाही.

"ठाण्याला पाठवू का" (म्हणजे तिथल्या मेंटल हॉस्पिटलला) हा टोमणा आपण इतका ऐकलाय की मुलाला सायकियाट्रिस्टकडे न्यायचं म्हटलं तरी घरात सगळे गप्प होतात. निदान 14416 वर, टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि बसपाशी टाटा लांबवू नका. "संध्याकाळी भेटू" एवढंच म्हणायचं आणि वळायचं, मला सगळ्यात जड तेच गेलं.