दूध केंद्राचा हिशोब लिनक्सवर: लिबरऑफिस बेसला मारियाडीबी कसं जोडायचं

औसा तालुक्यात चुलत्याचं दूध संकलन केंद्र आहे, तिथला हिशोब मी बघतो. आधी सगळं कॅल्कच्या (लिबरऑफिसमधला एक्सेलसारखा प्रोग्राम) एकाच शीटमध्ये होतं आणि दहा दिवसांचं बिल काढायला बसलं की एकच माणूस कुठं ‘बाबुराव’ तर कुठं ‘बाबूराव’, बेरीज दोन जागी पडायची अन् त्याच्या हातात कमी पैसे जायचे. हे बरोबर नव्हतं, म्हणून मी डेटाबेस शिकलो.

सुरुवातीलाच एक सांगतो. बेस (लिबरऑफिसमधला डेटाबेसचा प्रोग्राम) उघडलं की ते नवीन डेटाबेस बनवू का विचारतं, आपण हो म्हणतो आणि सगळा डेटा त्या एकाच ओडीबी फाईलमध्ये (बेसची स्वतःची फाईल) जाऊन बसतो. फाईल सेव्ह होईपर्यंत त्या नोंदींचा भरवसा नाही. एकदा संध्याकाळी दारात कॅनची रांग, मी नोंदी टाकायलो अन् लाईट गेली, त्या वेळचं सगळं परत लोकांना विचारून लिहावं लागलं. तेव्हापासून डेटा मारियाडीबीत (मागं चालणारा डेटाबेस सर्व्हर), बेस फक्त बघायला अन् भरायला. यात एक ओळ भरून पुढच्या ओळीवर गेलात की आधीची नोंद तिथंच पक्की होते.

मारियाडीबी 2009 मध्ये मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमधून वेगळं झालं, फुकट आहे, आणि आपल्या जुन्या 4 जीबीच्या कॉम्प्युटरवर आरामात चालतं. उबंटू किंवा मिंट लिनक्स असेल तर सिनॅप्टिक (पॅकेजं टाकायचा प्रोग्राम) उघडा, त्यात मारियाडीबी-सर्व्हर, लिबरऑफिस-बेस आणि लिबरऑफिस-एसडीबीसी-मायएसक्यूएल ही तीन पॅकेजं शोधून टाका. (सिनॅप्टिक नसेल तर आधी ते टाकून घ्या.)

आता टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी), घाबरू नका, काम चारच ओळींचं आहे. ‘सुडो मारियाडीबी’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की आत जाता येतं. तिथं क्रिएट डेटाबेसनं ‘दूध’ नावाचा डेटाबेस बनवा आणि त्याच ओळीत कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 नक्की लिहा, म्हणजे मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येणार नाहीत. मग क्रिएट यूजरनं एक वेगळा यूजर पासवर्डसकट करा, ग्रँट ऑलनं त्याला फक्त ह्याच डेटाबेसचा हक्क द्या. रोज रूटनं (सगळे हक्क असलेला मुख्य यूजर) काम करायची सवय लावू नका. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम, तो विसरला की ते नुसतं वाट बघत बसतं.

मग बेस उघडा, ‘कनेक्ट टू अ‍ॅन एक्झिस्टिंग डेटाबेस’ निवडा, यादीतून मायएसक्यूएल/मारियाडीबी, पुढं कनेक्ट डायरेक्टली. डेटाबेसचं नाव, सर्व्हर लोकलहोस्ट, पोर्ट 3306. यूजरनेम टाकून टेस्ट कनेक्शन दाबा, आणि शेवटी रजिस्टर करू का विचारेल तिथं हो म्हणा, ते पुढं कॅल्कमध्ये लागतं.

खरं डोकं लागतं ते बेसमध्ये टेबल बनवताना. दोन टेबलं करा. एक सभासदांचं: क्रमांक, नाव, गाव, मोबाईल. दुसरं रोजच्या दुधाचं: नोंद क्रमांक, तारीख, सकाळ का संध्याकाळ, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग), दर. दुसऱ्यात नाव लिहायचंच नाही, फक्त क्रमांक, म्हणजे बाबुराव कसंही लिहा माणूस एकच राहतो. लिटर, फॅट, दर हे डेसिमल (दशांश आकडे) ठेवा, कारण 3.5 फॅटचं 3.4 झालं तर दर बदलतो अन् भांडणं तिथूनच लागतात. मोबाईल नंबर टेक्स्टमध्ये. कॉलमची नावं इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. आतला डेटा खुशाल मराठीत. आणि प्रत्येक टेबलला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा कॉलम, इथं क्रमांक) पाहिजेच, टेबल डिझाइनमध्ये त्या कॉलमच्या ओळीवर राइट क्लिक करून लावता येते. ती नसली तर टेबल उघडतं, दिसतं, पण काही लिहूच देत नाही, अन् नवा माणूस इथंच अडकतो. नोंद क्रमांकाला ऑटोव्हॅल्यू यस करा, म्हणजे तो आकडा आपोआप पडतो.

जुनी शीट असेल तर कॅल्कमध्ये ओळी कॉपी करून बेसच्या टेबल्सवर पेस्ट करा, अपेंड डेटा निवडा. आधी नावं मात्र हातानं नीट करून घ्या.

बिलासाठी बेसच्या क्वेरी डिझाइनमध्ये (क्वेरी म्हणजे टेबलांतून हवं ते काढायचा प्रश्न) दोन्ही टेबलं घ्या, सभासद क्रमांकावरून सभासद क्रमांकावर माऊसनं रेघ ओढा, सभासद क्रमांक अन् नावाला ग्रुप, लिटरला आणि लिटर गुणिले दर याला सम (बेरीज), आणि तारखेच्या अटीत पासून-पर्यंत टाका.

आता कॅल्क उघडा, व्ह्यूमध्ये डेटा सोर्सेस, तिथून ती क्वेरी ओढून शीटवर सोडा. नवीन नोंदी पडल्या की डेटा मेनूतून रिफ्रेश रेंज. रायटरमध्येही असंच, कॉलमचं नाव ओढून पत्रात टाका, प्रिंट देताना फॉर्म लेटर करू का विचारेल, हो म्हणलं की प्रत्येक सभासदाची वेगळी चिठ्ठी निघते.

दर शनिवारी मी मारियाडीबी-डंप (डेटाची प्रत काढायचा हुकूम) चालवून डेटा पेनड्राईव्हवर घेतो, सोबत ओडीबी फाईलही, कारण क्वेऱ्या अन् फॉर्म त्यात असतात. पेनड्राईव्ह केंद्रावर ठेवत नाही, घरी नेतो.