ईएसपी३२ च्या वेब पानाला पासवर्ड लावताना

ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डावर पान दाखवणाऱ्या आर्डुइनोच्या वेबसर्व्हर लायब्ररीत 'रिक्वेस्ट ऑथेंटिकेशन' (नाव-पासवर्ड मागणारे फंक्शन) नुसते लिहिले, की बेसिक पद्धत लागू होते. त्यात नाव आणि पासवर्ड बेस६४ मध्ये, म्हणजे नुसती अक्षरे बदलून लिहिण्याच्या पद्धतीत जातात. ही कूटलिपी नव्हे. त्याच वायफायवरची रहदारी पकडणारा माणूस हा पासवर्ड क्षणात उलगडतो. म्हणून त्या फंक्शनच्या कंसात डायजेस्ट पद्धत द्या. मग पासवर्ड हवेतून जातच नाही, जातो तो दर वेळी बदलणाऱ्या आकड्यासह काढलेला एमडी५ हॅश, म्हणजे पासवर्डाचा गणिती ठसा. पानाचा बाकीचा मजकूर मात्र हवेतून उघडाच जातो, त्यामुळे राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून (बाहेरच्यांना आत वाट देऊन) ते इंटरनेटवर आणू नका. बाहेरून हवेच असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा कूटबद्ध मार्ग) वापरा.

सर्वांत जास्त राहून जाते ते हे: पासवर्डाची तपासणी फक्त मुखपृष्ठाच्या हँडलरमध्ये, म्हणजे त्या पत्त्याची विनंती हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये असते. रिले (बोर्डाने चालणारा स्विच) चालवणारा पत्ता आणि फर्मवेअर (बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेटचा पत्ता मोकळेच. 'ऑथेंटिकेट'ची तपासणी प्रत्येक हँडलरच्या पहिल्या ओळीत हवी. फर्मवेअर अपलोडमध्ये तर फाइलचे तुकडे घेणाऱ्या फंक्शनमध्येही हवी, कारण ते उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या आधी चालते.

कोडमध्ये लिहिलेला पासवर्ड फ्लॅशमध्ये (बोर्डाच्या कायमच्या मेमरीत) जसाच्या तसा राहतो. यूएसबी केबल लावून ईएसपीटूल या संगणकावरच्या साधनाने तो वाचता येतो. फ्लॅश एन्क्रिप्शन चालू नसेल, तर हे गृहीतच धरा. त्यामुळे प्रत्येक बोर्डाला वेगळा, निदान १२ अक्षरी पासवर्ड द्या आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका. २०१६ मधील मिराई या मालवेअरच्या हल्ल्यात लाखो कॅमेरे आणि राउटर कारखान्यातल्या ठराविक पासवर्डांमुळेच हाती लागले.