व्हाइटवॉल टायर धुताना या चुका टाळा

जुनी व्हेस्पा असो, लॅम्ब्रेटा असो की हौसेने नटवलेली बुलेट, पांढऱ्या पट्ट्याच्या टायरचं नुकसान रस्त्यावर कमी आणि अंगणात जास्त होतं. त्यातही गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यात, गाडी एका दिवसात चकाचक करायची घाई असते तेव्हा.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे डाग कसला आहे ते न बघता घासायला बसणं. पट्टाभर सारखी पसरलेली पिवळट-तपकिरी झाक टायरच्या आतून येते. लालसर रंग अक्षरांच्या खाचांत आणि पांढऱ्या-काळ्याच्या सांध्यात साचला असेल तर ती जांभ्याची माती; गोव्यात डिचोली-उसगावकडच्या खाणपट्ट्यात तीच जास्त बारीक होऊन बसते. काळे शिंतोडे फक्त मागच्या चाकाला आणि तेही चेनच्या बाजूलाच दिसले, तर ते चेनचं तेल. आणि टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके दिसले, तर आधी कोणीतरी तारेच्या घासणीने टायर घासलेलं आहे. घासणीचे कण मऊ पांढऱ्या रबरात रुततात आणि पहिल्या पावसात गंजतात.

रॉकेल आणि पेट्रोल

याने डाग लगेच जातो, म्हणूनच सवय सुटत नाही. टायरच्या काळ्या रबरात ओझोनमुळे तडे जाऊ नयेत म्हणून काही रसायनं आणि मेण मुद्दाम घातलेलं असतं. ते हळूहळू वर येतं, हवा लागून तपकिरी होतं. काळ्या भागावर ते फारसं खुपत नाही, पण पांढऱ्या रबरात रबर काळं करणारी काजळी नसल्याने तिथे लपायला जागाच नाही. रॉकेलने रबर फुगतं, आतली तेलं सैल होतात आणि पांढऱ्या पट्ट्याकडे सरकतात. आज स्वच्छ दिसलेला पट्टा थोड्याच दिवसांत आधीपेक्षा पिवळा होतो. शिवाय रबराचं संरक्षण गेलं ते गेलंच.

ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड

लाल माती म्हणजे लोहाचा ऑक्साइड. क्लोरीनच्या ब्लीचने तो जात नाही. ॲसिडने थोडा जातो, पण ओघळ रिमच्या क्रोमवर आणि तारांच्या निपलांवर (तारा रिमला धरणाऱ्या छोट्या नटांवर) उतरतो आणि तिथे गंज धरतो. ही दोन्ही एकापाठोपाठ तर अजिबात वापरू नका: ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. चिंचेने तांब्याची भांडी उजळतात म्हणून तोच प्रयोग टायरवर करणारेही आहेत. चिंचेचा स्वतःचा रंग पांढऱ्या रबरावर राहतो, इतकंच त्यातून मिळतं.

मग धुवायचं कशाने

गाडी सावलीत, टायर हाताला थंड. उन्हात किंवा फेरी मारून आल्या आल्या धुतलं तर साबण जागच्या जागी सुकतो आणि तपकिरी ओघळ उठतात. मुख्य स्टँडवर गाडी घ्या, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून चाक फिरतं ठेवायचं आणि ब्रश नुसता टेकवायचा, हा प्रकार वॉशिंग सेंटरवरही दिसतो. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) बोट गेलं तर ते तुटतं. चाक हाताने पाव-पाव फेरी फिरवा.

क्रम महत्त्वाचा: आधी चेन, मग रिम आणि तारा, मग टायरचा काळा भाग, पांढरा पट्टा शेवटी. उलटं केलं तर काळं पाणी पुन्हा पट्ट्यावर येतं. अर्धा लिटर पाण्यात 50 मिली ऑल-पर्पज क्लीनर, किंवा एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण पुरतो. टायर ओलं करा, द्रावण लावा, एक-दोन मिनिटं थांबा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. फेस तपकिरी निघेल. धुवा, पुन्हा लावा. फेस पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवायचं. बहुतेक जण पहिल्याच फेरीनंतर थांबतात आणि मग साबणाला नावं ठेवतात. सांध्यासाठी जुना टूथब्रश.

एवढं करूनही राहिलं तर तीन चमचे खायच्या सोड्यात एक चमचा पाणी घालून लगदा करा आणि ओल्या फडक्याने गोल फिरवत घासा. फुटपाथला घासून आलेल्या काळ्या ओरखड्यांवर पांढरा मेलामाइन स्पंज चांगला चालतो. 400 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून वापरता येतो, पण अगदी शेवटचा उपाय म्हणून: पांढरा थर पातळ असतो, खाली काळं रबर आहे.

गंजाचे ठिपके आणि जिरलेली लाल माती यांना ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. पाव लिटर पाण्यात एक चहाचा चमचा. हातमोजे आणि चष्मा घालून, फक्त पट्ट्यावर, ब्रशने. दोन-तीन मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाका. हे विषारी आहे, मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका.

प्रेशर वॉशरची नळी टायरला चिकटवू नका. दोन फूट तरी अंतर ठेवा आणि हबच्या बेअरिंगवर धार मारू नका. धुऊन झाल्यावर ड्रम ब्रेक ओला असतो आणि नीट पकडत नाही. हळू चालवत, ब्रेक हलके दाबत तो सुकवा, मगच रस्त्याला लागा.

धुतल्यानंतरची चूक

टायर पॉलिश. सिलिकॉनच्या पॉलिशने किंवा खोबरेल तेलाने काळा भाग चमकतो, पण त्यावर धूळ चिकटते आणि पट्ट्यावर तपकिरी डाग उतरतो. मोटरसायकलच्या बाबतीत धोका वेगळाच आहे: वळणावर गाडी कलते तेव्हा टायरचा खांदा रस्त्याला लागतो, तिथे तेल असेल तर चाक सरकतं. पॉलिश लावूच नये, हे आमचं स्पष्ट मत.

नवीन व्हाइटवॉलवर निळसर संरक्षक थर असतो. तो ब्लेडने खरवडू नका, तसाच ठेवून गाडीही फिरवू नका. कोमट साबणाच्या पाण्याने निघतो.

नीट धुतलेला पट्टा काही आठवड्यांतच पुन्हा पिवळा होत असेल, तर दोष धुण्यात नाही, टायरमध्ये आहे. आतलं रसायन बाहेर येतंच राहणार. तिथे कडक औषध वाढवण्यापेक्षा साध्या साबणाने आठवड्याला एकदा धुणं बरं. पावसाळ्यात तर लाल माती सुकायच्या आतच नुसतं पाणी मारलं तरी अर्धं काम होतं.

रिममध्ये अडकवायच्या पांढऱ्या रबरी रिंगांबद्दलही थोडं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी त्या टाळाव्यात. रिंग आणि टायर यांच्यामध्ये वाळू जाते आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, आतून घासत राहते, वरून काही दिसत नाही. लावल्याच असतील तर टायर काढायची वेळ आली की रिंगेखालची साइडवॉल बोटाने चाचपून बघा. खरखरीत चर लागला किंवा आतले धागे दिसले, तर ते टायर पुन्हा चढवू नका.