कमरेला जुनं पिस्तूल लावण्याआधी: टेक्सासला नव्याने आलेल्यांसाठी

गेल्या महिन्यात ओळखीतला एक मुलगा घरी आला. मूळचा साताऱ्याचा. ग्रीन कार्ड हातात पडून जेमतेम सहा आठवडे झाले होते. चहा उकळेपर्यंत त्याने मोबाईलमधला फोटो उघडून माझ्यासमोर धरला. "काका, हे घेऊ का? रोज जवळ बाळगायला." फोटोत 1911 नावाचं जुन्या घडणीचं पिस्तूल होतं, काळसर निळं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. वस्तू देखणी, यात वाद नाही. असं विचारणारा तो पहिला नाही, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. काडतूस हे खेळणं नाही, हे आमच्या घरात लहानपणीच अंगी मुरलं. ह्यूस्टनजवळ येऊन मला 27 वर्षं झाली, तरी ती शिस्त सुटलेली नाही.

पिस्तुलाच्या आधी व्हिसाचं बोलू. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1, फिरायला येण्याचा बी-2, यांपैकी कशावरही तुम्ही इथे असाल, तर केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. विकत घेणं तर सोडाच, मित्राने नेमबाजीच्या रेंजवर "एक मारून बघ" म्हणून हातात दिली तरी कायद्याच्या लेखी ते बाळगणंच. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्यांना लायसन्सशिवाय हँडगन बाळगता येते, हे ऐकून बरेच जण गाफील होतात. ती सूट ज्याला मुळात बंदूक ठेवायची मुभा आहे त्यालाच आहे. शिकारीच्या लायसन्सचा एक अपवाद कायद्यात आहे, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या एका मुलाला कॉलेजने काढलं, व्हिसाचा आधार गेला, आणि त्यानंतर तो फायरिंग रेंजवर गेला म्हणून त्याच्यावर खटला झाला. ते प्रकरण 2019 साली थेट सुप्रीम कोर्टात पोहोचलं. आपल्याला इथे घर उभं करायचं आहे. एका शनिवारच्या हौसेपायी ते पणाला लावू नये.

ग्रीन कार्ड असेल तर दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो. नागरिकत्वाच्या रकान्यात भारतच लिहायचं. घाईत अमेरिकन नागरिक अशी खूण झाली तर नुसता फॉर्म बाद होऊन भागत नाही, ग्रीन कार्डावरच गदा येऊ शकते. आणि आई-बाबा सहा महिने राहायला आले असतील तर तिजोरीची किल्ली आणि नंबर तुमच्यापाशीच ठेवा. ते बी-2 वर आहेत, हे विसरू नका.

आता मूळ प्रश्न. जुन्या घडणीचं पिस्तूल रोज बाळगायला चालतं का? माझं मत सांगतो: जुन्यातलं एकच मी नवख्याला बिनधास्त सुचवतो, ते म्हणजे छोटं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर. बाकीची सुरेख आहेत, पण ती सवय मागतात, आणि ती सवय वर्षानुवर्षं टिकवावी लागते.

1911 जॉन ब्राउनिंगने घडवलं. अमेरिकन लष्कराने ते 1911 साली घेतलं आणि 1985 पर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल राहिलं. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत, .45 इंची सात गोळ्या. पूर्ण आकाराच्या पोलादी नगाचं रिकामं वजन 1.1 किलोच्या आसपास. लोकांना वाटतं ते जाड असेल, पण उलट आहे. गोळ्या एकाच रांगेत बसतात म्हणून ते चपटं आहे आणि शर्टाखाली चांगलं लपतं. चाप हलका, सरळ मागे येणारा, म्हणून नेमही छान लागतो. अडचण वेगळीच आहे. ते बाळगायची रीत अशी: गोळी चेंबरमध्ये (नळीमागच्या घरात), हॅमर (आपटून बार काढणारा घोडा) मागे चढवलेला आणि अंगठ्याची सेफ्टी (बार अडवणारी कळ) वर. म्हणजे पिस्तूल बाहेर काढताना सेफ्टी खाली झालीच पाहिजे आणि परत ठेवताना आठवणीने वर गेलीच पाहिजे.

मी 2006 साली एक अख्खा उन्हाळा ते कमरेला लावून हिंडलो. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी घरी येऊन होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) काढलं, दिव्याखाली धरलं, तर सेफ्टी खाली होती. गाडीतल्या पट्ट्याला घासून कधी उतरली कोण जाणे. हॅमर चढलेला, चेंबरमध्ये गोळी, आणि तसाच मी दिवसभर मुलीला घेऊन दुकानात, वाचनालयात फिरलो होतो. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला होता आणि मुठीमागची दुसरी सेफ्टी होती, म्हणून काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पिस्तूल तिजोरीत आणि फक्त रेंजवर.

दुसरं नाव ब्राउनिंग हाय-पॉवर. हे आपल्याकडच्या फौजी घरांत ओळखीचं असेल, कारण आपल्या लष्कराचं 9 मिमीचं पिस्तूल त्याच घडणीचं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झालेलं. मामा किंवा काका फौजेत असले की त्यांच्या कमरेला पाहिलेलं असतं आणि मन तिथे गुंततं. 1935 सालची ही घडण. ब्राउनिंग 1926 मध्ये वारला, काम बेल्जियमच्या एफएन या शस्त्र कंपनीतल्या द्यूदोने सैव्हने पूर्ण केलं. मॅगझिनमध्ये 13 गोळ्या, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. मूठ हातात अशी बसते की सोडवत नाही. पण हॅमर मागे येताना अंगठा आणि तर्जनीमधल्या कातडीला चिमटा काढतो, आणि जुन्या नगांवरची सेफ्टी इतकी बारीक की घाईत अंगठ्याला सापडत नाही.

जुन्या पिस्तुलांचा खरा प्रश्न मात्र गोळीचा आहे. ही पिस्तुलं लष्कराच्या गोल नाकाच्या गोळीसाठी बनली. स्वसंरक्षणासाठी इथे पोकळ टोकाची गोळी वापरतात, कारण ती माणसातून आरपार जाऊन मागच्या कुणाला लागण्याचा धोका कमी असतो. ते बोथट तोंड नळीत शिरतानाच, जुन्या नळीच्या मागच्या तोंडाशी अडकतं. माझ्या हाय-पॉवरमध्ये तिसरीच गोळी तिरकी होऊन रुतली, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) अर्ध्यावर थांबली. रेंजवर होतो म्हणून निवांत मॅगझिन काढून मोकळी केली. पार्किंगमध्ये, अंधारात तेवढा वेळ कोण देणार? जुनं पिस्तूल घेतलंच, तर जी गोळी बाळगायची त्याच गोळीचे निदान दोनशे बार त्यातून काढा. एकदा जरी अडकलं तर ते रोजचं पिस्तूल नाही.

पडल्यावर बार निघणार नाही ना, हेही पाहा. कोल्ट कंपनीने आपल्या 1911 पिस्तुलात फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आदळणारी सुई) अडवणारी कळ 1983 च्या सुमाराला घातली, त्याआधीच्या नगांत ती नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एक रिव्हॉल्वर जहाजाच्या डेकवर पडून खलाशी दगावला, तेव्हा स्मिथ अँड वेसनने आपल्या रिव्हॉल्वरमधली हॅमर अडवायची पट्टी बदलली. काउबॉय पद्धतीचं जुनं सहाबारी कुणी भेट देऊ केलं तर त्यात पाचच गोळ्या भरतात आणि हॅमर रिकाम्या घरावर ठेवतात. रूगरने 1973 मध्ये त्यावर उपाय काढला, पण त्याआधीचे नग अजून बाजारात फिरतात.

आता ते छोटं रिव्हॉल्वर. स्मिथ अँड वेसनने 1950 साली .38 स्पेशलचं पाच गोळ्यांचं चीफ्स स्पेशल आणलं. गोळी तर त्याहून जुनी, 1898 ची. त्याच सांगाड्यावर आज जे हलक्या धातूचं, हॅमर आत झाकलेलं मॉडेल मिळतं ते 400 ग्रॅमच्या थोडं वर भरतं. पँटच्या पुढच्या खिशात, खिशाच्या होल्स्टरमध्ये घाला. काढताना कापडात अडकायला काही नाही, विसरायला सेफ्टी नाही. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढा, पुढची समोर येते. चाप लांब आणि जड असतो, पाच किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणूनच तो चुकून ओढला जात नाही. माझ्या खिशात गेली 15 वर्षं हेच आहे.

त्याचं उणंही सांगतो. नेम धरायची खाच नखाएवढी. हलकं असल्यामुळे झटका तळहाताला झोंबतो, पंचवीस गोळ्यांनंतर हात चोळावा लागतो. टेक्सासच्या लायसन्सच्या परीक्षेत 50 गोळ्या असतात: 20 तीन यार्डांवरून, 20 सात यार्डांवरून, 10 पंधरा यार्डांवरून. त्या शेवटच्या दहा गोळ्यांना हे रिव्हॉल्वर घाम काढतं. ज्यांचा हात कमकुवत आहे त्यांना तो चाप झेपत नाही. त्यांनी नव्या घडणीतलं 2018 सालचं सिग पी365 किंवा 1988 पासून चालत आलेलं ग्लॉक 19 हातात घेऊन बघावं. सिग इवलंसं, तरी दहा गोळ्या घेतं. साताऱ्याच्या मुलाला मी शेवटी हेच सांगितलं: 1911 घे, जरूर घे, पण शनिवारी रेंजवर न्यायला.

कपड्यांबद्दल दोन शब्द. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात अंगाला लागून असलेलं जुनं निळं पोलाद घामाने आठवड्यात गंजतं. रोज रात्री तेलाच्या फडक्याने पुसा. कुर्ता-पायजम्यात पट्टा नसतो, त्यामुळे कमरेचं होल्स्टर लोंबतं. सणासुदीला मी काहीच नेत नाही. पर्समध्ये ठेवायचा विचार डोक्यातून काढून टाका. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहोतल्या हेडन गावात, दुकानात, दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, बार निघाला आणि आई जागीच गेली. ते वाचलं त्या दिवशी आमच्या घरात पर्सचा विषय संपला.

लायसन्स लागत नसलं तरी काढाच. शाळेपासून 1,000 फुटांच्या आत केंद्रीय कायदा बंदुकीला मनाई करतो, आणि त्यातून सूट राज्याच्या लायसन्सवाल्याला मिळते. मुलांना सोडायला तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाता. शाळेच्या इमारतीत मात्र लायसन्स असूनही नेता येत नाही. पोस्टात नाही, आणि बायोमेट्रिक्सला किंवा मुलाखतीला इमिग्रेशनच्या ऑफिसात जाल तिथेही नाही. दारावर 30.06 ची पाटी (लायसन्सवाल्यालाही लपवलेलं पिस्तूल आत न्यायला मनाई) दिसली की मागे फिरायचं. अशा ठिकाणी जायचं असेल त्या दिवशी पिस्तूल घरीच राहू द्या. गाडीत ठेवणं भागच असेल तर सीटखाली तारेने बांधलेल्या कुलपाच्या पेटीत. टेक्सासचं लायसन्स कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क मानत नाहीत, म्हणून लांबच्या प्रवासाआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम बघा.

शेवटचं, आणि हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. अस्तराच्या फटीत, बाजूच्या कप्प्यात एखादं काडतूस राहून जातं, आणि मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेत ते दिसलं की 1959 च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाणं, वकील, तारखा. चुकून राहिलं हे सिद्ध होईपर्यंत सुट्टी संपलेली असते. माझी रेंजची बॅग गॅरेजमध्ये खुंटीला असते. तिच्या पट्ट्याला बायकोने लाल कापड शिवलंय, आणि सामान भरायच्या दिवसांत ती बॅग घरात आणायची नाही असा आमच्याकडे नियम आहे.