थंडीत गाडी सुरू करताना होणारी खडखड: माझा अनुभव

साताऱ्यात यवतेश्वरच्या पायथ्याशी उघड्यावर उभी असणारी माझी 2006 सालची पेट्रोल कार थंडीत सकाळी सुरू केली, की इंजिनाच्या वरच्या भागातून आठ-दहा सेकंद खडखड येई आणि मग थांबे. दुपारी मात्र ती अजिबात येत नसे. फॅन बेल्ट बदलला, प्लगही बदलले, पण काही उपयोग झाला नाही आणि त्यात गेलेल्या दोन महिन्यांचे फार वाईट वाटते.

लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक हेड कव्हरला टेकवून मूठ कानाशी धरली, तेव्हा आवाज टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागांचा, असल्याचे कळले. हे टॅपेट हायड्रॉलिक असल्यामुळे त्यांना ऑइलचा दाब लागतो. ऑइल फिल्टरमधील ऑइल अडवून धरणारी रबरी झडप कडक झाली, तर रात्रभरात ते इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये उतरते आणि सकाळी दाब उशिरा पोचतो. जुन्या फिल्टरमधील झडप काडीने दाबूनही वाकत नव्हती. शिवाय पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 ग्रेडचे (घट्टपणाचे) ऑइल सांगितलेले असताना आत थंडीत जड होणारे 20डब्ल्यू-50 होते.

इंजिन पाच मिनिटे चालवून बंद केले, दहा मिनिटांनी ड्रेन बोल्ट सोडून ऑइल पूर्ण गळू दिले आणि नवा वॉशर घालून बोल्ट आवळला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही, हे बोट फिरवून पाहिले (राहिल्यास हमखास गळती होते). नव्या रिंगेला ऑइल लावून, ती टेकल्यानंतर फिल्टर हातानेच पाऊण फेरा आवळला. मग 5डब्ल्यू-30 भरले, रेस न देता इंजिन सुरू करून गळती पाहिली आणि बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी तपासली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जेमतेम सेकंदभर आवाज आला. तिसऱ्या दिवसापासून तो आलेला नाही.