कमी दिवसांच्या बाळासाठी अतिदक्षता विभागात गाणे कसे म्हणावे

दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ काचेच्या पेटीत असते, तेव्हा आपल्या हाती काहीच नाही असे आईवडिलांना वाटते. पण ज्या आईचा आवाज बाळाने पोटात असतानाच ऐकलेला असतो, तिच्या गाण्याची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. 2013 मध्ये अमेरिकेतील 11 रुग्णालयांतील 272 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संगीतोपचारतज्ज्ञांच्या मदतीने, आईवडिलांच्या आवडीची गाणी अंगाईसारखी करून बाळाजवळ प्रत्यक्ष म्हटली गेली. त्या वेळी बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावले आणि आईवडिलांचा ताणही हलका झाला.

आधी डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारावे. सुई टोचणे, नळी बदलणे अशी कामे नुकतीच झाली असतील, तर बाळाला आधी विसावू द्यावे. फारच लवकर जन्मलेल्या बाळाला आवाज आणि स्पर्श एकाच वेळी झेपत नाहीत, त्यामुळे आरंभी दोहोंपैकी एकच असावे.

गाणे तुमच्या घरातले निवडावे: आजीच्या तोंडचा पाळणा, जात्यावरची ओवी, रोज म्हटला जाणारा अभंग. सूर पक्का असण्याची गरज नाही. चाल मात्र संथ ठेवावी. दादऱ्याचा, म्हणजे सहा मात्रांच्या तालाचा, झोका अंगाईला उत्तम बसतो. हात धुऊन, पेटीची खिडकी आवाज न करता उघडावी आणि परवानगी असल्यास एक तळवा डोक्याशी, दुसरा पावलांशी स्थिर टेकवावा. थोपटू किंवा कुरवाळू नये. बाळाच्या छातीची हालचाल थोडा वेळ पाहून त्या लयीत आधी नुसते गुणगुणावे, मग हळूहळू लय उतरवत शब्दांवर यावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1997 मध्येच या विभागातील आवाज 45 डेसिबलच्या आत असावा असे सुचवले होते, आणि आपले नेहमीचे बोलणेच साधारण 60 डेसिबलचे असते. म्हणून गाणे बोलण्यापेक्षाही हळू, जेमतेम कुजबुजीच्या वर असावे.

सर्वांत महत्त्वाचे काम बाळाकडे पाहण्याचे आहे. मुठी सैलावल्या, श्वास एकसारखा झाला, तर गाणे मानवते आहे. बोटे ताठ फाकली, उचकी लागली, कपाळाला आठ्या पडल्या, रंग बदलला किंवा मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला, तर ओळ अर्धी असली तरी थांबावे आणि सिस्टरना सांगावे. बाळाने तोंड फिरवले, तर त्याला विश्रांती हवी आहे असे समजावे. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटे पुरेशी आहेत.

बाळाला छातीशी घेऊन कांगारू पद्धतीने ठेवण्याची मुभा मिळाली की ती गाण्याची सर्वांत चांगली वेळ समजावी, कारण तेव्हा आवाजाबरोबर छातीतील कंपनेही बाळापर्यंत पोहोचतात.

खुळखुळे, घुंगरू आणि मोबाइलवर लावलेली गाणी येथे कटाक्षाने टाळावीत. पेटीवर ठेवलेल्या वस्तूचा नुसता आघातही आत मोठ्याने घुमतो. आई स्वतः दाखल असेल, तर वडिलांनी निःसंकोच म्हणावे. तेही शक्य नसेल, तर आईच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण चालेल का, किती वेळ आणि किती हळू, हे डॉक्टरांनीच ठरवावे.